तळ्याकाठचा तळ कोणाचा?

दत्तात्रेयाचा दिनक्रम मराठी माणसाला पाठ असतो. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला. या वाटणीत नांदेड जिल्ह्याच्या पदरात रात्र पडली. दिवसभर फिरणाऱ्या देवाने पाठ टेकण्यासाठी डोंगर, झाडी आणि पाणी जवळजवळ असलेली जागा निवडली, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मुक्कामाचे मर्म कळलेले होते. देवाच्या भक्ताला मात्र ते सुख आता क्वचितच लाभते. तो सकाळी गाडीने येतो, रेणुकामातेचे दर्शन घेतो, दत्तशिखर आणि अनसूयामाता करतो, मातृतीर्थाच्या काठी दोन मिनिटे टेकतो आणि अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून निघतो. राहिलाच तर भक्तनिवासाच्या किंवा लॉजच्या चार भिंतींत. इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाचेही तसेच. नांदेड आणि यवतमाळच्या सीमेवर पैनगंगा काळ्या खडकांतून शेकडो धारांनी फुटते, ते बघायला पावसाळ्यात रीघ लागते आणि दिवेलागणीला ती ओसरते. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र, मन्याडवरचे लिंबोटी धरण, उदगीर तालुक्यातले देवर्जनचे हत्तीबेट, या सगळ्या जागा दिवसा सर्वांच्या आहेत. रात्री तिथे कोणी, कसे आणि किती जणांनी राहावे, याचा विचार आपल्या नियोजनात फारसा दिसत नाही. हा विचार आपण केला नाही तर तो बाजार करील, आणि मग काठावर कुंपण दिसेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नांदेड-लातूरच्या तळ्यांकाठी आणि डोंगरओढ्यांकाठी साधे, सार्वजनिक मुक्कामतळ असावेत. तिथल्या जागा मोजक्याच असाव्यात. आणि त्या मोजक्या जागा कोणाला मिळाव्यात हे पैशाने ठरू नये, पाळीने ठरावे. पाळी ही गोष्ट मराठवाड्याला शिकवावी लागत नाही. कालव्याला पाणी सुटते ते पाळीने. भावकीच्या सामाईक विहिरीवर मोटार चालते ती पाळीने. टँकर आला की घागरी लागतात त्या नंबराने. जे थोडे आहे आणि सर्वांना हवे आहे ते कसे वाटायचे, याचे गावाला पटलेले उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. भांडणे होतात, पण ती पाळी मोडली म्हणून होतात. पाळी असूच नये असे कोणी म्हणत नाही. तळ्याकाठची शांत रात्र हीसुद्धा अशीच थोडी असलेली आणि सर्वांना हवीशी वाटणारी गोष्ट आहे. तिची किंमत वाढवली की ती पैसेवाल्याची होते, ती मोकाट सोडली की दांडगटाची होते. पाळी लावली तरच ती सर्वांची राहते.

यावर पहिला आक्षेप सर्वांत धारदार आहे, म्हणून त्यालाच आधी सामोरे जाऊ. ज्या प्रदेशात पाल, कोपी आणि तंबू हे दैन्याचे शब्द आहेत, तिथे हौसेने पाल ठोकण्याचे कौतुक कोणाला सांगायचे? लमाण बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून हिंडत. पाणी आणि गवत दिसेल तिथे त्यांचा तळ पडे. रेल्वे आणि मोटारींनी तो व्यापार संपला आणि तांडा गावाबाहेर कायमचा थांबला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची आठवण असलेल्या घरांत ‘कॅम्प’ म्हणजे संस्थानाच्या सरहद्दीवरचे, निजामी राजवटीशी झुंजणाऱ्यांचे तळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी आणि आसपासच्या गावांनी तंबूत आणि पुढे पत्र्याच्या शेडमध्ये किती काळ काढला, हे लातूर जिल्हा विसरलेला नाही. ऊसतोड कामगाराची कोपी तर दरवर्षी फडाच्या कडेला उभी राहतेच. हे सगळे खरे आहे. पण या इतिहासाची दुसरी बाजूही बघायला हवी. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भटके समाज पाले ठोकतात, घोडे, गाढवे, गुरे यांचा बाजार भरतो, सोयरिकी जमतात, आणि त्या मुक्कामात कोणालाही कमीपणा वाटत नाही. आपला पत्तासुद्धा ‘मु. पो.’ असाच सुरू होतो. पक्के घर असलेला माणूसही कागदावर मुक्कामीच असतो. लाज पालात नसते. पाणी, आडोसा आणि कोणी हुसकावणार नाही ही खात्री नसली की पालाची लाज वाटू लागते. सार्वजनिक मुक्कामतळ ही खात्री देतो. म्हणूनच तो केवळ सहलीला आलेल्यांसाठी असून चालणार नाही. पायी दिंडी, मेंढपाळाचे वाडे, वाटेवरचे भटके कुटुंब यांनाही तिथे पाळी लागली पाहिजे. ज्या तळावरून पालवाल्याला हाकलून गिर्यारोहणाच्या दुकानातला तंबू उभा केला जातो, त्याला सार्वजनिक म्हणण्यात अर्थ नाही.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्याकडे फुकट आलेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, त्यात सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी यांच्या जोडीने धर्मशाळाही अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात असे म्हटले होते. पाणी आणि मुक्काम ही जोडी तिथेच एका वाक्यात आली. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले, पण प्रत्यक्षात ते खुले व्हायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लोकांना घेऊन काठावर उतरावे लागले, आणि त्यानंतरही दहा वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे बोले ठराव इथे लागू नव्हता. पण संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने ती उणीव भरून काढली. राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कोणालाही नाकारता येणार नाहीत, असे तो सांगतो. आमची धरणे राज्याच्या पैशातून आणि धरणग्रस्तांच्या जमिनींतून उभी राहिली. त्यांचा काठ याच यादीत बसतो. डोंगरी नदीच्या काठाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात हीच दिशा दाखवली. कुलू-मनालीत बियास नदीकाठची वनजमीन एका खासगी रिसॉर्टला पट्ट्याने दिली गेली होती आणि बांधकाम वाचवण्यासाठी नदीचा प्रवाहच वळवण्यात आला होता. न्यायालयाने पट्टा रद्द केला आणि सांगितले की नद्या, किनारे, वने यांचे सरकार विश्वस्त आहे, मालक नाही. विश्वस्ताने ठेव सांभाळायची असते, ज्यांची ठेव आहे त्यांना तिचा उपभोग घेऊ द्यायचा असतो, आणि ती एखाद्याच्या घशात घालायची नसते.

सरकारला पाण्याकाठी मुक्कामाची सोय करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोणत्याही मोठ्या धरणावर जाऊन बघावे. भिंतीच्या टोकाला, पाणी सर्वांत रुंद दिसेल अशा उंचवट्यावर पाटबंधारे खात्याचे विश्रामगृह असते. उतरत्या छपराचा पोर्च, व्हरांड्यात वेताची खुर्ची, टेबलावर शाईचे डाग पडलेली नोंदवही, मागे खानसाम्याची खोली. आज त्यातल्या कित्येकांची कौले फुटली आहेत, पण जागा कोणी निवडली आणि कोणासाठी निवडली, हे त्या व्हरांड्यातून अजूनही स्पष्ट दिसते. साहेबाच्या मुक्कामाचा विचार धरणाच्या आराखड्यातच झाला होता. ज्याच्या कराच्या पैशातून धरण झाले त्याच्या मुक्कामाचा झाला नाही. तो दुसऱ्या काठाला, आडबाजूला गाडी उभी करतो. तिथे तीन दगडांची काळवंडलेली चूल, थर्माकोलच्या पत्रावळी आणि फुटलेल्या बाटल्यांची काच असते. मावळात पवना धरणाच्या काठी तिसरा प्रकार बघायला मिळतो. खासगी जमिनीवर तंबूंच्या रांगा, दिव्यांच्या माळा आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. त्यातून गावातल्या तरुणांना रोजगार मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले तेही याच हेतूने. पण मोक्याचा काठ एकदा प्लॉटाप्लॉटात वाटला गेला की सार्वजनिक तळाला जागाच उरत नाही. पुणे-मुंबईच्या आसपास ती वेळ येऊन गेली आहे. नांदेड-लातूरला ती अजून आलेली नाही, हे मागासलेपणाचे एक तरी भाग्य समजावे.

काठ मोकळा आहे असे शहरातल्या माणसाला वाटते, पण तो रिकामा नसतो. धरणाचे पाणी हिवाळ्यात उतरू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. हरभरा, ज्वारी, भाजीपाला असे ज्याला जे साधेल ते तो घेतो, आणि त्या जमिनीवर पहिला हक्क धरणात शेत गेलेल्यांचा मानला जातो. पाण्यात मच्छीमार सहकारी संस्थांची जाळी असतात. दुपारी गुरे पाण्यावर येतात. वडवळ नागनाथच्या बेटासारख्या ठिकाणी तर वनौषधींचे वैभव आहे, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने तिथे फिरायला येतात. मुक्कामतळ या सर्वांच्या डोक्यावर बसवता येणार नाही. म्हणून जागा निवडण्याचा पहिला नियम असा असावा की तळ गाळाच्या पट्ट्यात नको, पूर्ण संचय पातळीच्या वर, मुरमाड माळावर हवा. हा नियम शेतकऱ्याच्या हिताचा आहेच, मुक्काम करणाऱ्याच्याही हिताचा आहे. काळी रेगड भिजली की गाडीचे चाक गिळते आणि तंबूची खुंटी सोडून देते. मुरूम पाणी जिरवतो, खुंटी धरतो आणि झाडलोटीला सोपा. किनवट-माहूरकडे आणखी एक काळजी घ्यावी लागेल. तिथली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, गोंड, कोलाम, आंध समाजाची वस्ती आहे, आणि १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला मान देतात. शेजारी पैनगंगा अभयारण्य आहे. ग्रामसभा नको म्हणाली तर तळ होणार नाही, आणि अभयारण्याच्या आत तर मुळीच नको.

आता पाण्याचा आक्षेप. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले, जिथे त्याच उन्हाळ्यात पाणवठ्यांभोवती जमाव जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली, तिथे तळ्याकाठी सहली काढायच्या? प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू. एका तळावर एका रात्री ४० माणसे आणि माणशी २५ लिटर धरले तर हजार लिटर पाणी लागेल. जलदूतच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. तेवढ्यात हा तळ पाचशे रात्री चालेल. म्हणजे अशा तळाने धरण आटणार नाही. भीती खरी आहे ती पाणी घाण होण्याची. शौच, साबण, खरकटे आणि प्लॅस्टिक पिण्याच्या साठ्यात उतरता कामा नये. पण ही घाण आजही उतरतेच आहे, कारण लोक आजही काठावर येतात आणि त्यांच्यासाठी ना शौचालय आहे, ना कचराकुंडी, ना विचारणारा कोणी. तळ नसल्यामुळे गर्दी थांबत नाही, फक्त बेवारस होते. शिवाय पाळीचा नियम इथे दुसऱ्यांदा कामी येतो. साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की पाटबंधारे खाते जसे आवर्तन थांबवते, तसा तळही बंद व्हावा. शेताची पाळी चुकली त्या वर्षी सहलीची पाळी चालू राहिली, तर गाव तो तळ उखडून टाकील, आणि त्यात गावाची चूक नसेल.

जगाने या बाबतीत आधीच ठेचा खाल्ल्या आहेत, त्या आपण नव्याने खाण्याचे कारण नाही. अमेरिकेत मोटारी स्वस्त झाल्या तेव्हा कॅलिफोर्नियाच्या जंगलात लोक वाटेल तिथे तंबू ठोकू लागले. एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाला दिसले की मोठमोठी झाडे कुऱ्हाडीवाचून खंगत आहेत. चाकांनी आणि पावलांनी माती इतकी दाबली जात होती की मुळे गुदमरत होती. त्याने १९३२ मध्ये मांडलेला उपाय साधा होता. गाडीची वाट एकेरी आणि ठरलेली, प्रत्येक मुक्कामाला गाडीची जागा ठरलेली, चूल आणि टेबल जमिनीत पक्के. माणूस येणार म्हणजे नुकसान होणारच, तेव्हा ते कुठे व्हावे हे आपण ठरवायचे आणि बाकीची जमीन वाचवायची. नॉर्वेने १९५७ च्या कायद्याने पडीक रानात कोणालाही तंबू ठोकण्याचा हक्क दिला, पण घरापासून किमान १५० मीटर अंतर राखायचे बंधन घातले. स्कॉटलंडने २००३ साली असेच स्वातंत्र्य दिले, आणि लॉक लोमंड तळ्याच्या काठी कचरा आणि दंगा इतका वाढला की २०१७ पासून तिथल्या काही काठांवर मार्च ते सप्टेंबर परवाना काढावा लागतो. विरळ वस्तीच्या थंड देशालाही शेवटी पाळी लावावी लागली. महाराष्ट्राच्या लोकसंख्येला मोकाट स्वातंत्र्य परवडणार नाही, हे उघड आहे. पण म्हणून स्वातंत्र्यच नको, असाही निष्कर्ष निघत नाही.

मग आपला तळ कसा असावा? मुरमाच्या माळावर दहा ओटे, एकमेकांपासून हाक ऐकू जाईल पण बोलणे ऐकू जाणार नाही इतके दूर. प्रत्येक ओट्याला काळ्या दगडाची बांधीव चूल आणि भोवती पाणी निघून जाईल अशी चर. पाण्याच्या उलट्या उताराला शौचालये, बायकांची वेगळी, रात्रभर दिवा असलेली. एक हातपंप. डीजे नाही, दारू नाही. फाटकाजवळ फळ्यावर त्या दिवशीच्या पाळीची यादी. हंगाम कोजागरी ते होळी. दत्तजयंती आणि माळेगावची यात्रा त्यातच येते, ओढ्यांना निदान पहिले काही आठवडे पाणी असते, आणि पुढच्या उन्हाचा पारा चुकतो. पावसाळ्यात तळ कडेकोट बंद, आणि बारमाही एक सक्त नियम: नदीच्या पात्रात मुक्काम नाही. जून २०१४ मध्ये बियास नदीत फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. सहस्रकुंडाच्या वर पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे, हे तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. भोंगा, पूररेषेचा खांब आणि ‘पाणी सुटणार आहे’ हे सांगणारा माणूस यांच्यावाचून नदीकाठी तळ उघडणे हा गुन्हा ठरेल.

‘हे सगळे कागदावर ठीक, पण शौचालय धुणार कोण?’ हा मराठी माणसाचा शेवटचा आणि अनुभवातून आलेला प्रश्न. सरकारी पर्यटन संकुले उद्घाटनाला झळकतात आणि दोन पावसाळ्यांत गवतात जातात, हे आपण पाहिले आहे. पण ज्या समाजाने लाखो वारकऱ्यांचे पालखीतळ चालवले आणि अलीकडे ‘निर्मल वारी’तून त्या तळांवर फिरती शौचालये आणून दाखवली, त्याला दहा ओट्यांचा तळ जड नाही. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात रोज हजारो लोक जेवतात, यात्री निवासात राहतात. तिथे जात विचारली जात नाही, आणि व्यवस्थाही कोलमडत नाही, कारण सेवा कोणाच्या अंगावर आहे हे ठरलेले असते. तळाचेही तसेच ठरवावे. जमीन सरकारचीच राहील, पण कारभार ग्रामसभेचा. देखभाल मच्छीमार संस्था किंवा महिला बचत गट करील, पिठले-भाकरीचे उत्पन्न त्यांचेच, आणि जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत वाचला जाईल. माणशी भाडे नांदेड-माहूर एसटीच्या तिकिटाहून जास्त नसावे. हे सांभाळणे जमणार नसेल, तर तळ काढूच नये. तीन नीट तळ तीस उजाड तळांपेक्षा बरे.

येणार कोण, ही शंका मला फारशी सतावत नाही. लातूर पॅटर्नच्या मागे बाहेरगावांहून आलेली हजारो मुले-मुली खोल्यांमध्ये राहतात आणि वर्षातला बहुतेक वेळ क्लास, मेस आणि खोली यांच्यात काढतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे होतात. त्यातले एखादे कंधारच्या तळ्याकाठी होऊ शकते. पण माझ्या मते पाळीच्या यादीत पहिले नाव ज्याचे असावे, तो पर्यटक नाहीच. रात्रीच्या लाइटवर पिकाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन रानात जाणारा शेतकरी पाण्याकाठच्या रात्री आपल्या सर्वांपेक्षा जास्त ओळखतो. थंडी, साप, चिखल आणि मध्येच गेलेली वीज यांच्यासकट. कालव्याच्या पाळीसाठी तो जन्मभर जागतो. धरणात ज्याचे शेत गेले, त्याने तर हे पाणीच दिले. त्याला लेकराबाळांसह त्याच पाण्याच्या काठी एक रात्र काहीही न करता बसता यावे, यासाठी त्याने कोणाची ओळख लावू नये, कोणाला विचारू नये. नंबर लावावा आणि आपली पाळी आली की यावे.